गुलाबी खोक्यातली चाकं गेली कुठे?

एकाच कंपनीच्या लाकडी ठोकळ्यांच्या दोन संचांचं, एक निळ्या खोक्यातला आणि एक गुलाबी, हे परीक्षण. आधी निकाल सांगून टाकते, म्हणजे घाईत असणाऱ्यांची सुटका. घरात मुलगी असली तरी निळं खोकं घ्या, मुलगा असला तरी एक बाहुली वेगळी घ्या, आणि माल बाहेर काढला की खोकं रद्दीत घाला. आता ज्यांना वेळ आहे त्यांच्यासाठी सविस्तर.

मी पाळणाघर चालवते. दहा महिन्यांच्या बाळापासून साडेतीन वर्षांच्या दादा-ताईंपर्यंत सगळे एकाच मोठ्या खोलीत असतात. खेळणं फेकलं जातं, चावलं जातं, त्याच्यावर उभं राहिलं जातं. इथे जे तग धरतं ते कुठल्याही घरात तग धरेल. वर नातवंडांसारखा एकाच मुलावर माझा जीव अडकलेला नसतो, त्यामुळे कोण कशाकडे वळतं हे जरा कोरडेपणाने बघता येतं.

तर वस्तू अशी: लाकडी ठोकळ्यांचे दोन संच. कंपनी एक, माप एक, किंमत एक. कंपनीचं नाव देत नाही, कारण थोड्याफार फरकाने हाच साचा अनेकजण विकतात आणि माझं भांडण साच्याशी आहे. दोन्ही खोक्यांवर '18 महिने आणि पुढे' असं छापलंय, दोन्हींवर '60 नग' असंही. निळ्या खोक्यावरच्या चित्रात दोन मुलगे पूल बांधतायत. गुलाबी खोक्यावर दोन मुली महाल बांधतायत. महालाला माझी काही हरकत नाही, महाल बांधायला पुलाइतकीच अक्कल लागते.

दोन्ही खोकी चटईवर उपडी करून नग शेजारी शेजारी लावले. 44 नग अगदी सारखे: घन, अर्धे घन, लांब आणि आखूड फळ्या, त्रिकोण, दोन मापांच्या कमानी, दंडगोल. उरलेले 16 वेगळे. निळ्यात चार गाडे आहेत. गाडा म्हणजे खाली चार चाकं बसवलेली जाड फळी, तिच्यावर ठोकळे रचायचे आणि ढकलायची. शिवाय हूक लावलेली क्रेन, दोरीचं रीळ, उताराच्या फळ्या आणि पिवळं हेल्मेट रंगवलेला ड्रायव्हर. गुलाबीत कापडी अंगाची वीतभर बाहुली, तिचा वेल्क्रोचा झगा, बूट, डुलणारा पाळणा, पलंग, काही बदामाच्या आकाराचे ठोकळे आणि मनोऱ्यांवर बसवायच्या टोप्या.

गुलाबी खोक्यात चाक एकही नाही. उतार नाही, हूक नाही, दोरी नाही. म्हणजे जे जे हलतं, घरंगळतं, उचलतं ते सगळं काढून घेतलंय. निळ्या खोक्याचीही तीच कथा दुसऱ्या बाजूने: त्यात माणूस म्हणून जो आहे तो हात नसलेला लाकडी खुंटा. त्याला कपडे घालता येत नाहीत, झोपवता येत नाही, कडेवर घेता येत नाही. तो फक्त गाड्यावर बसतो, तोही नीट नाही, कारण त्याचं बूड निमुळतं आहे आणि जरा धक्का लागला की तो कलंडतो.

आता वस्तू म्हणून कशी आहे ते बोलते, कारण परीक्षणाचं ते पहिलं काम.

लाकूड चांगलं आहे. जड, गाठी नसलेलं, कडा गोल केलेल्या. दोन अर्धे घन एकावर एक ठेवले की बरोबर एक घन होतो, दोन घन म्हणजे बरोबर एक आखूड फळी, दोन आखूड म्हणजे एक लांब. वाचायला किरकोळ वाटेल, पण ठोकळ्यांचा जीव इथेच असतो. कॅरोलाइन प्रॅट या शिक्षिकेने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला असे एकमेकांच्या पटीत बसणारे ठोकळे बनवले. तिचे ठोकळे बिनरंगाचे, साध्या लाकडाचे होते. कोणते कुणासाठी हा प्रश्नच त्यांत नव्हता. या संचात पटी अचूक आहेत. स्वस्तातल्या संचांत त्या हमखास चुकतात, मग पाचवा ठोकळा ठेवला की मनोरा झुकतो आणि मुलाला वाटतं आपल्यालाच जमत नाही.

रंगाची परीक्षा मी नेहमीचीच करते: पांढरं फडकं ओलं करून जोरात घासायचं. निळा, पिवळा, हिरवा पास. गुलाबी बदामांचा रंग फडक्याला लागला. थोडासाच, पण लागला. ज्या वयात प्रत्येक वस्तू आधी तोंडात जाते त्या वयाच्या खेळण्याचा रंग सुटलेला मला चालत नाही, म्हणून बदाम मी बाजूला काढले. तसेही ते कशावर उभे राहत नाहीत. टोकावर ठेवले की पडतात, उलटे ठेवले तर वर काही मावत नाही. ठोकळ्यांच्या संचात रचता न येणारा ठोकळा कुणी का घालावा? खोक्यावर छान दिसतो म्हणून, दुसरं काही कारण मला सापडलं नाही.

सगळ्यात गंभीर दोष बाहुलीच्या बुटांचा. पायातून चटकन निघतात आणि नखाएवढे आहेत. तीन वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यात गिळता येईल असा सुटा तुकडा असू नये, असं खेळण्यांची मानकं सांगतात. त्यासाठी 31.7 मिलिमीटर व्यासाचं, तिरक्या तळाचं एक नळकांडं वापरतात. तुकडा त्यात पूर्ण मावला की नापास. माझ्याकडे तसं नळकांडं आहे. बूट त्यात गेला आणि वर दुसऱ्यालाही जागा राहिली. ड्रायव्हरचा खुंटा मात्र बाहेरच राहिला, तो पास. खोक्यावर 18 महिने छापून आत हे बूट ठेवणं म्हणजे शुद्ध बेफिकिरी आहे. ते मी पहिल्याच दिवशी फेकून दिले.

निळ्या संचात दोष चाकांचा. चारपैकी एका गाड्याची आस किंचित वाकडी आहे, तो गाडा सरळ न जाता डावीकडे वळतो. हा दोष मुलांना फार आवडला. त्याच गाड्यासाठी भांडणं होतात.

आता खेळाकडे येते. दोन्ही संच मी खोक्यांशिवाय, एकत्र करून चटईवर ओतले. कुणाला काही सुचवलं नाही, हातात काही दिलं नाही.

वर्षाच्या आतल्या बाळांपुरतं बोलायचं तर मुलगा-मुलगी काही कळत नाही. दोन ठोकळे घेऊन आपटायचे, एक चाटायचा, मग दोन्ही टाकून दुसऱ्याच्या हातातला ओढायचा. बाहुलीचा चेहरा मात्र सगळ्यांना ओढून घेतो, मुलग्यांनाही. हे माझ्याच खोलीत दिसतं असं नाही. मेलिसा हाइन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2010 साली 120 बाळांवर केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला, बाळं एक, दीड आणि दोन वर्षांची. बाहुली आणि गाडी यांची चित्रं समोर ठेवून बाळ कशाकडे जास्त वेळ बघतं ते मोजलं. मुली बाहुलीकडे मुलग्यांपेक्षा जास्त बघत होत्या आणि मुलगे गाडीकडे मुलींपेक्षा जास्त, तेही इतक्या लहान वयात. पण वर्षाच्या वयाला मुलगेसुद्धा गाडीपेक्षा बाहुलीकडेच जास्त बघत होते. आणि रंगाचं म्हणाल तर मुलगा-मुलगी फरकच नव्हता: दोघांनाही निळ्यापेक्षा लालसर छटा आवडत होत्या. म्हणजे '18 महिने' छापलेल्या खोक्याचा निळा-गुलाबी रंग बाळासाठी नाहीच. तो पैसे देणाऱ्या मोठ्या माणसासाठी आहे.

दीड वर्षाच्या पुढे चित्र बदलतं, आणि ते बदलतं हे मी लपवणार नाही. आमच्याकडे एक जण आहे, दोनला थोडा कमी. गाडा हातात आला की तो पोटावर झोपतो, गाल जमिनीला टेकवतो आणि एक डोळा मिटून गाडा डोळ्यासमोरून हळूहळू ढकलतो. त्याला गाडा कुठे न्यायचा नसतो. चाक फिरताना खालून कसं दिसतं ते बघायचं असतं. एक आरा वर आला, खाली गेला, परत वर आला. खेळायला बोलावलं तर ऐकू जात नाही, झोपवायला नेलं तरी चाक मुठीत. त्याची आई हात जोडून सांगते, 'ताई, आम्ही काही शिकवलं नाही हो, आमच्या घरात कुणाला गाड्यांचं वेड नाही.' मी तिच्यावर विश्वास ठेवते. अशा जबरदस्त वेडांचा अभ्यास जुडी डीलोश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2007 मध्ये मांडला. साधारण एक तृतीयांश लहान मुलांना असं एखादं वेड लागतं आणि ते मुलग्यांत बरंच जास्त दिसतं, असं त्यांना आढळलं. सुरुवात खूपदा बोलता येण्याच्या आसपासच होते, म्हणजे आईबापांनी हौसेने लावलेलं ते नसतं. उलट बहुतेक घरांत मोठेच त्या वेडामागे फरफटत जातात.

मुलींत असं वेड नसतंच असं मात्र कुणी म्हणू नये. आमच्याकडची एक चिमुरडी फक्त दंडगोल गोळा करते. सगळे हवेत. एक जरी कमी असला तरी ती चटईभर फिरून, दुसऱ्याच्या मनोऱ्याखालून ओढून आणते. मनोरा कोसळला तरी मागे वळून बघत नाही.

आता बाहुलीची गोष्ट. तिच्याकडे सव्वादोन वर्षांचा एक मुलगा रोज यायचा. कुणीही बघितलं असतं तर म्हणालं असतं, बघा, मुलगा बाहुलीशी खेळतोय. मी जवळ जाऊन बसले. बाहुलीला त्याने पालथी घातली होती, चेहरा चटईत. पाठीवरचा वेल्क्रो ओढायचा, 'खर्रर्र' असा आवाज आला की डोळे मोठे करायचे, पट्टी दाबून परत चिकटवायची, परत ओढायची. बाहुलीत त्याला काडीचा रस नव्हता. दुसरीकडे, गाड्याशी खेळणारी एक मुलगी गाड्यावर तीन ठोकळे बसवून, एकाला 'पडू नको हं' असं बजावत, खोलीच्या टोकापर्यंत नेऊन त्याला उतरवून ठेवत होती. वहीत टिपणं काढणाऱ्याने पहिल्यापुढे 'बाहुली' लिहिलं असतं आणि दुसरीपुढे 'वाहन'. जपणूक कोण करत होतं आणि यंत्र कोण उलगडत होतं?

म्हणून वानरांचे प्रयोग वाचताना मला गंमत वाटते. 2002 मध्ये व्हर्व्हेट जातीच्या माकडांपुढे खेळणी ठेवली गेली. नरांनी गाडी आणि चेंडू जास्त हाताळले, माद्यांनी बाहुली आणि पातेलं. पातेलं! माकडीण काही रांधत नाही. पातेलं 'मुलींचं' हे माणसांच्या डोक्यातलं वर्गीकरण. तिला त्याचा आकार आवडला असेल, चमक आवडली असेल, आवाज आवडला असेल. पुढे 2008 मध्ये ऱ्हीसस माकडांवर तसाच प्रयोग झाला. नर चाकांच्या खेळण्यांकडे स्पष्ट झुकले, माद्या मात्र चाकांची आणि मऊ अशी दोन्ही खेळणी वापरत राहिल्या. माकडांना जाहिराती दिसत नाहीत, तेव्हा 'सगळं समाजानेच शिकवलंय' म्हणणाऱ्यांनी हे वाचावं. आणि 'मुलींना चाकं आवडतच नाहीत' म्हणणाऱ्यांनी माद्यांचा निकाल वाचावा.

माणसाच्या पिल्लांचा एकत्रित हिशेबही झालेला आहे. ब्रेंडा टॉड आणि सहकाऱ्यांनी 2018 मध्ये 16 अभ्यास एकत्र केले, त्यांत 787 मुलगे आणि 813 मुली होत्या. मुलगे सरासरीने मुलग्यांच्या मानलेल्या खेळण्यांशी जास्त खेळले, मुली मुलींच्या. दोन वर्षांनी हाइन्स आणि डेव्हिस यांनी 75 अभ्यास घेऊन तपासलं, फरक तिथेही ठळकच निघाला. जन्माआधी पुरुषी संप्रेरकं जास्त मिळालेल्या मुली, म्हणजे मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथींचा एक जन्मजात विकार असलेल्या, इतर मुलींपेक्षा गाड्या-ठोकळ्यांकडे जास्त वळतात, हेही अनेकदा दिसलंय. आणि त्यांचे आईबाप तर त्यांना उलट बाहुल्यांकडे वळवत होते, असं 2005 च्या एका अभ्यासात आढळलं. तेव्हा झुकाव असतो. मी स्वतः रोज बघते, मला शास्त्रज्ञांनी सांगायची गरज नव्हती. पण सरासरी म्हणजे तुमचं मूल नव्हे. माझ्या चटईवर सरासरी मूल कधी आलेलंच नाही.

आणि झुकाव असेल तर खोकं कशाला हवं? ज्याला चाकं हवीत तो साठ ठोकळ्यांतून चाकं शोधून काढतोच. खोक्याने फक्त एवढं होतं की जिला चाकं हवी होती तिच्यापुढे ती येतच नाहीत, आणि ज्याला बाहुली हवी होती त्याला खुंटा मिळतो.

हे सगळं चटईवरचं, खोकी नजरेआड असतानाचं. मग एक दिवस मदतनीस बाईंनी आवराआवर करताना रिकामी खोकी खालच्या फळीवर ठेवली, मुलांना दिसतील अशी. तीन वर्षांच्या पुढची एक ताई त्यांच्यासमोर उकिडवी बसली. निळ्या खोक्यावरच्या एका मुलावर बोट ठेवलं, मग दुसऱ्यावर. गुलाबीवरच्या दोघींवर ठेवलं. मग माझ्याकडे वळून म्हणाली, 'हूक दादांचा आहे.' प्रश्न नव्हता तो. आदल्या दिवसापर्यंत ही बया क्रेनच्या हुकाला पाळणा टांगून झुलवत होती, दोरी गुंतली की मला हाका मारत होती. त्यानंतर तिने क्रेनला हात लावला तो थेट खोकी नाहीशी झाल्यावर, तेही आधी इकडेतिकडे बघून.

तीन वर्षांच्या मुलाला वाचता येत नाही, पण चित्रातली माणसं कोण आहेत ते बरोबर कळतं. त्याआधीही कळायला लागतं. 2009 च्या एका अभ्यासात 82 बाळांच्या बोलण्याच्या नोंदी ठेवल्या होत्या. बऱ्याच जणांच्या तोंडी 'मुलगा', 'मुलगी' अशा अर्थाचे शब्द पावणेदोन वर्षांच्या आतच आले होते, आणि ज्यांच्या तोंडी लवकर आले त्यांच्या खेळात पुढे हा फरक जास्त दिसला. आणि शिक्का काय करतो ते तर 1995 पासून माहीत आहे. कॅरल मार्टिन आणि सहकाऱ्यांनी मुलांना अतिशय आकर्षक खेळणी दाखवली, पण 'ही दुसऱ्यांसाठी आहेत' असं सांगितलं, म्हणजे मुलीला सांगायचं मुलग्यांची आणि मुलाला सांगायचं मुलींची. खेळणं तेच, पण तेवढ्याने त्याची गोडी उतरली. आमच्या ताईने मला तोच प्रयोग फुकटात दाखवला.

गुलाबी रंगावर माझा राग आहे असं कुणी समजू नये. अडीच वर्षांच्या आसपास पुष्कळ मुली गुलाबीवर लट्टू होतात आणि त्याच सुमाराला मुलगे तो टाळायला लागतात. व्हेनेसा लोब्यू आणि डीलोश यांनी सात महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंतच्या मुलांपुढे एकसारख्या वस्तूंच्या जोड्या ठेवून हे 2011 मध्ये दाखवलं. आवडू दे. उलट 2014 च्या एका अभ्यासात असं दिसलं की मुलग्यांची समजली जाणारी खेळणी गुलाबी रंगवली की शाळेआधीच्या वयाच्या मुलींचा त्यांतला रस वाढतो. म्हणजे या कंपनीने चार गाडे आणि एक क्रेन गुलाबी रंगवून गुलाबी खोक्यात टाकली असती, तर मी हे परीक्षण कौतुकाने लिहिलं असतं. रंग ठेवा हवा तो. चाकं का काढता?

कारण चाकं, उतार, हूक यांनी मूल काहीतरी शिकतं. उतार जरा उभा केला की गाडा जास्त लांब जातो. जड ठोकळा पुढे ठेवला तर गाडा उलटतो, मध्ये ठेवला तर नाही. दोन ते चार वर्षांच्या वयात जी मुलं घरी चित्रांचे तुकडे जोडण्याचे खेळ खेळत होती, त्यांना साडेचार वर्षांच्या वयाला आकार मनातल्या मनात फिरवून जुळवणं जास्त जमत होतं, असं 53 मुलांच्या 2012 च्या अभ्यासात दिसलं. त्या खेळानेच जमलं असं ठामपणे म्हणता येत नाही, ज्यांना जमतं तीच मुलं जास्त खेळत असतील. पण खेळायला मिळालंच नाही तर तेही कळणार नाही. बाहुलीचंही तसंच. 2020 मध्ये आलेल्या एका अभ्यासात बाहुलीशी एकट्याने खेळतानाही मुलांच्या मेंदूतला माणसांना समजून घेणारा भाग जागा होतो असं दिसलं, मुलग्यांतही आणि मुलींतही. त्या अभ्यासाला पैसे बाहुल्या विकणाऱ्या कंपनीने दिले होते, हे मात्र ध्यानात ठेवून वाचावं.

मोठ्या माणसांबद्दल थोडं. एक आजोबा नातवाला न्यायला येतात, अतिशय प्रेमळ. नातू बाहुलीचा पाळणा हलवत असला की ते कधी रागावत नाहीत. फक्त खाली वाकून 'हे बघ काय आहे' म्हणत गाडा पुढे करतात, आणि पाळणा हळूच पायाने मागे सारतात. त्यांना विचाराल तर शपथेवर सांगतील की मी काही केलं नाही. 1978 सालच्या एका प्रयोगात 32 आयांकडे सहा महिन्यांचं परकं बाळ दिलं होतं, कधी मुलाच्या कपड्यांत तर कधी मुलीच्या. बाळ मुलीच्या कपड्यांत असलं की आधी बाहुली पुढे यायची, मुलाच्या कपड्यांत असलं की हातोडी. त्या आयाही आजोबांसारख्याच प्रेमळ असणार.

दुसरं टोकही माझ्याकडे आहे. एका मुलीच्या आईने घरात बाहुली येऊच दिली नव्हती. मुलीला न्यायला आली की हळू आवाजात विचारते, 'आज गाड्याशी खेळली का हो?' मुलगी नाही खेळली. मुलगी दिवसभर बाहुलीचा झगा काढून घालून काढत होती, आणि फार सुखात होती. मी आईला म्हटलं, तिला बाहुली द्या घरी, गाडाही असू द्या शेजारी, आणि तुम्ही चहा प्या. ती हसली नाही. पुढच्या आठवड्यात मात्र मुलीच्या पिशवीतून एक बाहुली डोकावत होती.

तर गुण: निळ्याला पाचापैकी साडेतीन. अर्धा वाकड्या आसापायी गेला, एक त्या हात नसलेल्या खुंट्यापायी. गुलाबीला दोन, तेही 44 ठोकळे चांगले आहेत म्हणून. बूट, रंग सुटणारे बदाम आणि चाकांचा दुष्काळ यांनी बाकीचं खाल्लं. डुलणारा पाळणा मात्र सुंदर आहे, भक्कम आहे, आणि उलटा केला की त्याचा पूल होतो, हे दोन वर्षांच्या पोरांनी शोधलं. गुलाबी संच कुणी भेट म्हणून आधीच आणला असेल तर परत करायच्या भानगडीत पडू नका. बूट फेका, बदाम काढून ठेवा आणि गाडे वेगळे मागवा.

गाडे सुटे मिळतात, मी कंपनीला लिहून विचारलं. उत्तर असं आलं की ते 'निळ्या संचाचे सुटे भाग' म्हणून मिळतात, गुलाबी संचासाठी अशी सोय नाही. हरकत नाही. फळ्यांची रुंदी दोन्हींत एकच आहे, गुलाबी संचाच्या फळ्या गाड्यावर बरोबर बसतात, मी बसवून पाहिल्या. मागवताना एक जास्त मागवा आणि आल्या आल्या जमिनीवर ढकलून आस तपासा. त्याच पत्रात बुटांबद्दलही विचारलं होतं. त्याचं उत्तर अजून आलेलं नाही.